तिसरं कडवं

“‘...बहिणीच्या हलगर्जीपणामुळे थोरल्या भावाचा पाय कायमचा गेला, आणि त्या दुःखातून कवीच्या शब्दांना धार चढली,’” एवढं वाचून मास्तरने चष्मा कपाळावर सरकवला आणि शाबासकीसाठी टेबलाभोवती नजर फिरवली.

शाबासकी कसली! जेवणं नुकती उरकली होती. चाकआत्या उष्टी ताटं एकात एक रचत होती, तिने हातातलं ताट होतं तिथे ठेवून दिलं.

“हे वाक्य काढ,” ती म्हणाली.

“का?”

“खोटं आहे म्हणून.”

आता या घरात चाकआत्याने कशाला खोटं म्हणणं म्हणजे कपाटाने बोलण्यासारखं होतं. एकोणसत्तर वर्षांची बाई, लग्न न झालेली, तीस वर्षं ताडपत्रीच्या कारखान्यात शिवण मारून निवृत्त झालेली. सगळ्यांची दुखणी काढायची, सगळ्यांचं ऐकून घ्यायचं आणि मागच्या खोलीत जाऊन बसायचं, एवढंच घराने तिचं पाहिलेलं. तरुणपणी वडिलांच्या दोरखान्यात ती चाक फिरवायची, म्हणून चाकआत्या. त्या नावात अर्धं कौतुक होतं, अर्धा टोमणा, आणि टोमणा कशाचा हे घरातल्या पोराटोरांनाही पाठ होतं.

सव्वादोन वाजले होते. रेडिओवाली बाई चारला यायची होती. चाकआत्याच्या धाकट्या भावाला, कवी भाऊंना, जाऊन वर्ष झालं, त्यानिमित्त त्यांच्या त्या एका गाण्यावर तासाभराचा कार्यक्रम व्हायचा होता. सेहेचाळीस वर्षं झाली तरी ते गाणं म्हातारं व्हायला तयार नाही. लग्नात वाजतं, बसमध्ये वाजतं, आणि कॉलेजातल्या मुली वहीच्या मागच्या पानावर त्याचं तिसरं कडवं अजून लिहितात:

‘अजून जरा, अजून दूर,
भिऊ नको, तू जात राहा;
जितका लांब तितका पीळ,
मी सोडेन का? जाऊन पाहा.’

गाणं कसं सुचलं ते घरच्यांच्या तोंडून हवं, असं त्या बाईने कळवलं होतं. मास्तर म्हणजे भाऊंचा मुलगा, शाळेत भाषा शिकवणारा. त्याने आठवडाभर खपून चार पानं काढली होती.

“आत्या, अगं हे काय आज नवीन आहे? घरात सगळ्यांना माहीत आहे,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला. हाच सूर तो नापास मुलांच्या आईबापांशी लावतो. “आणि मी तुझं नाव कुठे घेतलंय?”

“बहीण म्हटलंस ना? बहिणी किती होत्या त्यांना?”

“पण आत्या...”

“घरात म्हणता ते ऐकून घेतलं. रेडिओवर नाही ऐकणार. मी उद्या मेले तरी ते वाजत राहील. काढ ते.”

थोरलीने पेला आपटला. थोरली म्हणजे दादांची बायको, आणि दादा म्हणजे ज्यांचा पाय गेला तेच. ते खिडकीपाशी आपल्या उंच खुर्चीत, काठी मांडीवर आडवी घेऊन बसले होते आणि जणू शेजारच्या घरातलं भांडण चाललंय अशा चेहऱ्याने बाहेर बघत होते.

“बरं झालं, आज तोंड उघडलंत वन्सं,” थोरली म्हणाली. “आता त्यांचा पायसुद्धा खोटा म्हणा. काठीला कंटाळून आपला हौसेने लंगडतोय माझा नवरा!”

“पायाला खोटं म्हटलं नाही मी वहिनी. पाणी देऊ?”

“टेबलावर ठेवा.”

हेही सगळ्यांना ठाऊक होतं. थोरली नणंदेच्या हातातून काही घेत नसे. पेला असो, औषधाची गोळी असो, आधी टेबलावर ठेवायची, मग थोरली उचलणार. सेहेचाळीस वर्षं हा प्रकार इतका अंगवळणी पडला होता, की नवीन आलेल्या सुनांना तो घरचा रिवाजच वाटायचा.

ज्यांनी दोर वळताना पाहिलेला नाही, त्यांना थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. लांबच लांब शेड, मधोमध सात खांब. एका टोकाला चाक, चाकाला आकडा. वळणारा कमरेला तागाचा जुडगा बांधतो, त्यातला एक पेड आकड्याला अडकवतो आणि चाकाकडे तोंड करून उलटा चालायला लागतो. चाक पीळ देतं, तो हाताने ताग सोडत मागे मागे जातो. त्याने मान वळवायची नाही. मान वळली की हात ढिला पडतो, हात ढिला पडला की पेडात गाठ येते, आणि तेवढा दोर वाया जातो. म्हणजे मागचं बघायचं कुणी? तर चाक फिरवणाऱ्याने. आणि त्यांच्या शेडच्या त्या टोकाला भिंत नव्हती. तिथे माल उतरवायचा उघडा ओटा होता, आणि ओट्याखाली दीड पुरुष खोल फरशी.

“त्या दिवशी मला बरं नव्हतं,” थोरली आता मास्तरकडे वळून सांगायला लागली. हे ती वर्षातून दोनदा तरी सांगायची. “लग्नाला चार महिने झालेले, दिवस गेलेले. अंगणातल्या नळाशी गेले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढचं काही कळलं नाही. शुद्ध आली तेव्हा खोलीत, खाटेवर. सासूबाईंनी एकटीने उचलून आणलं असणार मला. देवमाणूस! घाईत काही सापडलं नसेल, तर कपाळावर ठेवलेल्या फडक्याला वंगणाचा वास येत होता. मी आपली हसले पडल्या पडल्या. आणि तेवढ्यात बाहेर आरडाओरडा. इकडे सासू माझा जीव वाचवतेय, आणि तिकडे या बाईसाहेब चाकावर बसून गाणी म्हणण्यात दंग! माझा नवरा काठाकडे पाठ करून चालत होता, त्याला थेट काठापर्यंत चालत नेलं हिने. हिनेच कबूल केलं होतं सासऱ्यांपुढे. विचार तिला.”

“केलं होतं कबूल,” चाकआत्या म्हणाली. “पण चाकावर मी नव्हते.”

“मग कोण होतं, भूत?”

“भाऊ होता.”

मास्तरने हातातली पानं खाली ठेवली. भाऊंची बायको, धाकटी, इतका वेळ टेबलाच्या कडेला बसून नवीन साडीची घडी सारखी करत होती. चारला तिचीच मुलाखत व्हायची होती. तिचे हात थांबले.

“बाबा?” मास्तर हसला, पण ते हसू काही धड जमलं नाही. “बाबांनी आयुष्यात कधी चाकाला हात लावला नाही, आजोबा त्यावरून शिव्या द्यायचे, हे तूच सांगितलंस मला.”

“त्या एकाच दिवशी लावला. आणि ते गाणं आहे ना तुमचं, ते गाणं नव्हतंच रे. हाळी होती कामाची. चाकाच्या खडखडाटात साधं बोललेलं पलीकडे ऐकू जात नाही, सुरात म्हटलं की जातं. म्हणून मी जुळवलं होतं ते, दादासाठी. एका ओळीत चार पावलं. पहिलं कडवं तिसऱ्या खांबापर्यंत, दुसरं सहाव्यापर्यंत. ‘तीन दिस गेले, चार उरले’ म्हणता ना तुम्ही? ते खांब होते. तीन खांब गेले, चार उरले.”

“आणि तिसरं?”

“तिसऱ्यात थांब म्हणायचं होतं.”

मास्तरला ते कडवं तोंडपाठ होतं, वर्गात शिकवलं होतं त्याने ते, विरहाची उत्कटता वगैरे. अजून जरा, अजून दूर. भिऊ नको, तू जात राहा. त्याने नकळत खिडकीपाशी बसलेल्या काकांच्या पायाकडे बघितलं.

“मला एका कामाला उठावं लागलं,” चाकआत्या सांगत होती. “भाऊला म्हटलं, धर जरा चाक, कडवी तुला पाठ आहेत. पण त्याच्या डोक्यात आधीपासून ते गाणं करायचं खूळ. तिथेच, चाकावरच, त्याला नवीन कडवं सुचलं. डोळे मिटून म्हणाला, स्वतःवरच खूश होऊन. दादा ऐकत होता. जा म्हटलं, तर गेला.”

“आणि तू स्वतःवर घेतलंस?”

“दुसऱ्या दिवशी त्याला गाण्याच्या निवडीला जायचं होतं. वडिलांना कळलं असतं तर त्यांनी त्याला उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नसतं. माझे पाय धरले त्याने. म्हणाला, ताई, परत आल्यावर मी सांगतो. मला वाटलं तीन दिवसांचा प्रश्न आहे. त्याच महिन्यात माझं ठरलेलं लग्न मोडलं. चाकावर गाणी म्हणत बसणारी सून नको म्हणाले. भाऊ परत आला तो गाणं निवडलं गेल्याचे पेढे घेऊनच आला. सांगायचं राहिलं.”

“हे गाणं त्यांनी माझ्यासाठी लिहिलं होतं,” धाकटी अगदी हळू म्हणाली. रागाने नाही. हरवलेली वस्तू इथेच ठेवली होती म्हणावं तसं.

“भाऊजी गेले,” थोरली उसळली, “आता ते थोडेच येणारेत उलटं सांगायला! मेलेल्या माणसावर ढकलायला लाज नाही वाटत? आणि हिच्या तोंडचा घास काढताय तुम्ही, समोर बसलीये ती!”

“मी कुणाचं काही काढत नाही. माझं आहे तेवढं परत मागतेय.” चाकआत्या खिडकीकडे वळली. “दादा, तू सांग. मेलेला नाहीस तू. माझा आवाज आणि भाऊचा आवाज, फरक कळत नव्हता तुला?”

आता सगळे दादांकडे बघत होते. दादांनी काठीची मूठ अंगठ्याने पुसली, पुन्हा पुसली.

“फार जुनी गोष्ट आहे,” ते म्हणाले. “मला नाही आठवत.”

“झालं?” थोरली म्हणाली.

चाकआत्याने ताटं उचलली आणि ती स्वयंपाकघरात गेली. एकही ताट वाजलं नाही.

दादांना सगळं आठवत होतं. धाकट्या भावाचा नुकता फुटलेला, भरून आलेला आवाज आठवत होता. आज ताईऐवजी हा कसा, असं मनात आलेलंही आठवत होतं. पण तिने बसवलंय म्हणजे त्याला काठ माहीत असेल, म्हणून त्यांनी पुढची चार पावलं टाकली होती. पडताना हातातला पेड त्यांनी सोडला नव्हता. तो तुटला. हाड जुळायला सात महिने गेले आणि तरी ते वाकडंच जुळलं. या सात महिन्यांत त्यांनी एक हिशोब मनाशी केला होता: बायकोचा राग कुणावर तरी निघणारच. भाऊवर निघाला तर आठवड्यात घरात दोन चुली होतील. ताईवर निघाला तर ताई सोसेल. त्यांनी तिला विचारलं मात्र नाही. मग गाणं गल्लोगल्ली वाजायला लागलं, आणि बोलायची वेळ निघून गेली ती गेलीच. आज बोलायचं म्हणजे बायकोच्या तोंडाकडे बघून बोलायचं, आणि तेवढी हिंमत चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्यात नव्हती.

“काका,” मास्तर पेन हातात धरून म्हणाला, “वाक्य ठेवू की काढू?”

“तू शिकलेला आहेस,” दादा म्हणाले.

स्वयंपाकघरात नळ धो धो वाहत होता. धाकटी आत येऊन उभी राहिली, तिने हात पुढे करून नळ बंद केला.

“वन्सं, ते काय म्हणाले होते? नेमकं सांगा.”

“कोण?”

“हे. निघताना. तुमचे पाय धरून.”

“परत आल्यावर सांगतो.”

धाकटी ओट्याला टेकली. गेल्या वर्षी दवाखान्यात शेवटचे दोन दिवस भाऊंची बडबड चालली होती. बहुतेक शब्द लागायचे नाहीत. एकच वाक्य लख्ख लागायचं, आणि ते ऐकून नर्सही हसायची: ताईला बोलवा, म्हणावं मी परत आलोय.

“मी नाही बोलावलं तुम्हाला,” धाकटी म्हणाली. “मला वाटलं भ्रम आहे. खरं सांगू? मला वाटलं, शेवटी तरी माझं नाव घ्यावं. ताई ताई काय चाललंय. म्हणून मुद्दाम नाही बोलावलं.” आणि ती रडायला लागली.

चाकआत्या तिच्याकडे बघत राहिली. तिला राग यायला हवा होता, आलाही. पण तो नेमका कुणावर काढायचा ते तिला कळेना.

“पदर भिजवू नकोस,” ती शेवटी म्हणाली. “ती बाई येईल इतक्यात.”

ती बाई चारला पाच मिनिटं कमी असतानाच आली. चटपटीत, हसरी, पायातले बूट दारात काढून थेट टेबलाशी. तिने मुठीएवढं यंत्र टेबलावर ठेवलं, त्यावर लाल दिवा लागला. मास्तरने चार पानं आईपुढे सरकवली. वाक्य होतं तिथेच होतं. बाजूला पेनाने एक प्रश्नचिन्ह काढलेलं. एवढंच त्याच्याच्याने झालं होतं.

“माझ्या आईबाबांचं लग्न या गाण्यावर जमलं,” रेडिओवाली म्हणाली. “तर तुमच्याच तोंडून ऐकू या. हे गाणं कुणासाठी लिहिलं गेलं?”

धाकटीने पानं उलटी करून ठेवली.

“माझ्यासाठी, असं मी आजवर सांगत आले,” ती म्हणाली. “लग्नानंतर यांनीच तसं सांगितलं, आणि मला ते इतकं आवडलं की मी पुढचं काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. कारण तिसरं कडवं यांनी या घरात एकदाही म्हटलं नाही. बाहेर हजार लोकांपुढे म्हणायचे. इथे कुणी आग्रह केला की दुसऱ्या कडव्यावर खोकला यायचा. दादा घरात असले की हमखास. मला वाटायचं, मोठ्या भावापुढे लाजतात.” तिने मान वळवली. “वन्सं, तुम्ही म्हणा. चाकावर म्हणायचात तसं.”

“काहीतरीच काय!” थोरली म्हणाली. “यंत्र चालू आहे.”

“म्हणूनच म्हणतेय, जाऊबाई.”

चाकआत्या दारात उभी होती, ओल्या हातांनी. सेहेचाळीस वर्षांत तिला गुणगुणताना कुणी ऐकलं नव्हतं. तिने घसा खाकरला, आणि पहिली ओळ आली ती पत्र्यासारखी, कोरडी आणि मोठी. लांबच्या माणसाला ऐकू जावी म्हणून म्हटलेली.

‘बघ माझ्याकडे, चाल मागे,
हात जराही सोडू नको;
मी इथे उभी, तू दूर जा,
मधला धागा तोडू नको.’

चाल तीच होती, सगळ्या देशाला पाठ असलेली. पण लाडीगोडी कुठेच नव्हती. दुसऱ्या कडव्यात खांब मोजले गेले, आणि तिचा उजवा हात आपोआप हवेत फिरायला लागला. रेडिओवालीने यंत्र हळूच तिच्या दिशेने सरकवलं. मग तिसरं.

‘पुरे रे दादा, पाय रोव,
मागे काठ आहे, थांब तिथे;
गाठ मार अन् ये परत,
मी चाक धरून उभी इथे.’

खुर्चीतल्या दादांचा धड पाय फरशीवर घट्ट रोवला गेला. काठी मांडीवरून घरंगळून खाली पडली.

“हे ऐकूच आलं नाही त्या दिवशी,” दादा म्हणाले. “रोज यायचं. ही असली की रोज यायचं. त्या दिवशी चाकावर भाऊ होता.”

“मघाशी आठवत नव्हतं ना तुम्हाला?” थोरलीने विचारलं.

“आठवत होतं.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

रेडिओवालीने खुणेनेच विचारलं, बंद करू का? धाकटीने नको म्हणून मान हलवली.

थोरली उठून उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. “मी हिच्या हातून पाण्याचा पेला घेतला नाही. माझी लेक जन्मली तेव्हा हिच्या मांडीवर दिली नाही. पोरगी रडत होती, ही हात पुढे करून उभी होती, आणि मी दिली नाही! आणि तुम्ही बघत होतात? त्या खुर्चीत बसून बघत होतात?”

दादा खाली पडलेली काठी उचलायला वाकले.

“आणि तुम्ही!” ती नणंदेकडे वळली. तोंडातून रागच येत होता, दुसरं काही यायची सवयच नव्हती. “तोंडाला टाके घातले होते? चाक सोडून गेला नसतात तर हे काहीच झालं नसतं. कुठे गेला होतात? असलं काय काम निघालं होतं?”

“राहू द्या वहिनी.”

“राहू काय द्या! आज सगळं निघालंय तर तेही निघू दे. कुठे होतात तुम्ही?”

चाकआत्याने ओले हात पदराला पुसले.

“तुम्ही नळाशी पडला होतात,” ती म्हणाली. “आई बाजारात गेली होती. मी उचलून आणलं तुम्हाला खोलीत. ओलं करायला काही सापडेना, तेव्हा चाकाचा दांडा लागू नये म्हणून हाताला गुंडाळायचे ना, ते फडकं सोडून भिजवलं.”

थोरलीचा हात कपाळाकडे गेला आणि तिथेच राहिला. यंत्रावरचा लाल दिवा जळत होता. मग तिने टेबलावरचा आपला पेला उचलला. रिकामा होता. तो तिने चाकआत्यापुढे धरला.

“पाणी द्या मला,” ती म्हणाली. “टेबलावर ठेवू नका.”